स्वयंपाकघरालाही श्वास हवा

कापसाचे पैसे हाती आले की आमच्या बाभुळगावात घरांची कामं निघतात. कवेलू उतरतात, मातीच्या भिंती पडतात आणि वर स्लॅब येतो. घर पक्कं झाल्याचा आनंद असतोच, असावाही. पण बचत गटाच्या निमित्ताने अशा घरांत जाणं होतं, तेव्हा एक गोष्ट खटकते. समोर मोठं गेट, चकचकीत टाईल्स, आणि मागे फोडणी टाकली की सगळं घर खोकतं!

जुन्या वस्तीत घराला घर लागून असतं. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांच्या, खिडकीला जागा फक्त पुढे नाहीतर मागे. आपल्या आजीने पऱ्हाट्या-तुराट्या जाळून भाकरी भाजली. डोळे तिचेही चुरचुरायचे, पण निदान कवेलूंच्या फटींतून धूर निघून जायचा. स्लॅबने गळती थांबवली, तशी ही वाटही बंद केली.

गॅस आला म्हणून प्रश्न मिटला, असंही नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून अंघोळीच्या पाण्याला अनेक घरी चूलच पेटते. घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुराजवळ सर्वांत जास्त वेळ कोण असतं, हे मी सांगायला नको.

उपाय फार महाग नाही. दहा बाय दहाच्या स्वयंपाकघराला नऊ इंची एक्झॉस्ट फॅन पुरतो. चाळीस-पन्नास वॅटचा पंखा रोज तीन तास चालवला, तरी महिन्याला चार-साडेचार युनिटच्या वर जात नाही. तो शेगडीच्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीत, छताजवळ बसवावा, कारण गरम हवा वर चढते. चिमणी घ्यायची तर तिचा पाईप घराबाहेर काढाच. पाईप नसलेली चिमणी तेलकटपणा गाळते, पण उष्णता आणि वाफ घरातच सोडते.

दुसरी गोष्ट बरेचदा मिस्त्रीही विसरतो. हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला हवी. आपल्याला हे कूलरवरून ठाऊक आहे. समोरची खिडकी उघडी नसेल तर कूलर नुसता दमटपणा करतो. तसंच पंख्याच्या समोरच्या बाजूला दाराखाली फट किंवा खाली जाळी ठेवा. आणि वीज गेली की पंखा थांबतो, म्हणून वर एक जाळीचा झरोका हवाच.

न्हाणीघराचं तर जास्त जपायला हवं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होतो आणि ओरडायलाही सवड मिळत नाही. पंखा लावला म्हणून हा धोका टळत नाही. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

आणखी एक. आपला धूर शेजारणीच्या सांदवाडीत सोडू नका. सामाईक भिंतीला भोक पाडण्यापेक्षा मागच्या भिंतीतून किंवा स्लॅबमधून पाईप वर काढा. भांडणही टळेल.

खरी अडचण पैशांची नसतेच. नकाशा ठरतो तेव्हा आपण चहा करायला आत असतो, आणि घर बांधून झाल्यावर म्हणतो, ‘‘इथे एक खिडकी असती तर!’’ सरकारच्या घरकुल योजनेतही २५ चौरस मीटरच्या छोट्या घरात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरली आहे. मग आपल्याच घरात ती आपण का मागू नये? स्लॅब पडण्याआधी ठेवलेल्या भोकाला खर्च जवळपास नाही. नंतर तेच फोडायला मजुरी लागते, भिंतही खराब होते.

म्हणून घराचं काम काढाल, तेव्हा मिस्त्री पहिल्या दिवशी आला की बाहेर येऊन बसा. शेगडी कुठे, पंखा कुठे, झरोका कुठे, हे बोट दाखवून सांगा. गेटचा रंग पुढच्या वर्षीही देता येईल.