फसवलं कुणी?

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी ज्ञान आणि सत्य शिकवावं; लिंगभाव आणि पारलिंगी माणसं हा चळवळीचा विषय, असं सुशिक्षित मंडळी ठामपणे सांगतात. तालिया बेट्चर यांचा २००७ साली ‘हायपेशिया’ या नियतकालिकात आलेला निबंध वाचल्यावर हे म्हणणं टिकत नाही. सत्य आणि फसवणूक हाच त्या निबंधाचा विषय आहे.

बेट्चर स्वतः पारलिंगी असून लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवतात. निबंधामागे एक खून आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूअर्क गावी ग्वेन अराउहो या १७ वर्षांच्या पारलिंगी मुलीला तरुणांनी मारहाण करून, गळा आवळून ठार केलं. तिनं खरं शरीर लपवलं, त्या धक्क्यानं हातून हे घडलं, असा बचाव कोर्टात झाला. जीव गेला तिचा आणि आरोपही तिच्यावरच!

बेट्चर या आरोपाच्या मुळाशी जातात. कपड्यांवरून आतलं शरीर कळलंच पाहिजे, हा नियम समाजानं केला. ग्वेननं तसलं वचन कुणाला दिलं नव्हतं. पारलिंगी व्यक्ती गप्प राहिली तर ती लबाड, सांगितलं तर सोंग आणणारी. तिनं खरेपणानं जगावं कसं, याचं उत्तर आरोप करणाऱ्यांकडे नाही.

आपण कोण हे ज्याचं त्यानंच सांगावं, असं बेट्चर म्हणतात. यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे: माणूस स्वतःविषयीही चुकतो, मग त्याचाच शब्द प्रमाण का मानायचा? माणूस चुकतो हे बेट्चर नाकारत नाहीत. त्यांच्या मते हा प्रश्न ज्ञानापेक्षा नीतीचा आहे. माझ्या मनातलं माझ्या वतीनं जाहीर करण्याचा, त्याची जबाबदारी घेण्याचा अधिकार माझा. ‘तू खरी कोण ते आम्ही ठरवणार’ असं म्हणणारा केवळ मतभेद नोंदवत नसतो. तो समोरच्याची जागाच बळकावतो. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, आणि तो केवळ पारलिंगी माणसांपुरता आहे असंही वाटत नाही.

ग्वेनच्या खटल्यात २००५ साली त्या तरुणांपैकी दोघांवर खुनाचा गुन्हा सिद्ध झाला, पण द्वेषातून केलेला गुन्हा म्हणून ज्यूरीनं तो मानला नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियानं असल्या ‘धक्क्या’चा बचाव कायद्यानं बंद केला. कायद्यानं कोर्टातली सबब काढून घेतली. कपड्यांवरून शरीर वाचण्याचा तो नियम मात्र घराघरांत, रस्त्यांवर अजून चालूच आहे, आणि त्याच्याशी झुंजणं हे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचंच काम आहे.