कांचळीचा प्रश्न

रामनवमीच्या यात्रेत वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नसते. देशभरातल्या बंजारा तांड्यांतून माणसं येतात, सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे आणि जगदंबेपुढे डोकं टेकतात. अशाच एका यात्रेत साठीच्या घरातली एक याडी, म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई, सावलीला बसलेली भेटली. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत दवाखान्याची फाईल. दहा दिवसांनी नागपूरला तिचं ऑपरेशन होतं. मुलगा शेजारी उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता, की काही बोलू नका. तिला "गाठ काढायची आहे" एवढंच सांगितलेलं होतं. तो नारळ आणायला गेला तशी ती माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली, "मास्तर, एकच बाजू राह्यली त कांचळी कशी घालू?"

आरसे जडवलेली, पाठीवर बंदांनी बांधलेली कांचळी तिच्या अंगावरच होती. म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं. स्तन काढणार, हेही तिने ओळखलेलं होतं. तिला कुणी विचारलेलं मात्र काहीच नव्हतं.

सुरुवातीच्या अवस्थेतल्या स्तनाच्या कॅन्सरला बहुतेक वेळा दोन रस्ते असतात. एक, पूर्ण स्तन काढणं. दुसरा, फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढून उरलेल्या स्तनाला शेक, म्हणजे रेडिएशन देणं. इटलीत व्हेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर यांनी या दोन्ही रस्त्यांनी गेलेल्या बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आयुष्य दोन्हीकडे सारखंच निघालं. आयुष्य सारखं असेल, तर कुठला रस्ता धरायचा हा प्रश्न एकट्या डॉक्टरचा उरत नाही. स्तन वाचवायचा तर शेकासाठी तीन ते पाच आठवडे जवळपास रोज मशीनखाली जावं लागतं. पोहरादेवीपासून नागपूर दोनशेहून अधिक किलोमीटर आहे. तिथे राहायचं कुणाकडे, सोबत कोण थांबणार, घरचे ऊसतोडीला गेले तर नातवंडं कुणाच्या भरवशावर ठेवायची? याची उत्तरं डॉक्टरच्या पुस्तकात नाहीत, ती त्या बाईकडेच आहेत. आणि कांचळीचं मोल किती, हेही तीच सांगू शकते. तिच्या गाठीला दुसरा रस्ता खुला असेल किंवा नसेल. गाठ मोठी असेल, पसरलेली असेल, तर तो बंदही असतो. पण तो खुला आहे की बंद, एवढं तरी तिच्या कानावर घालायला हवं होतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. अडाणी माणसाला यातलं काय कळणार? हा आक्षेप मला सहनच होत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, तिच्यातली फिटली किती, हंगाम लवकर संपला तर अंगावर किती राहील, हा हिशेब ज्या बाईच्या तोंडावर असतो तिला जोखीम कळत नाही म्हणता? रुग्णाला पर्याय समजावून देणाऱ्या साधनांवर जगभरात झालेल्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२४ साली घेतला. त्यांत एक लाखाहून अधिक माणसं होती. अशी साधनं हाती दिल्यावर लोकांना आपला आजार आणि धोका जास्त नेमका कळतो, असं त्यातून स्पष्ट झालं. आपल्याकडे संमतीपत्र बारीक अक्षरात असतं, कधी मराठीत, पुष्कळदा इंग्रजीत. ज्या बाईच्या घरात गोरबोली बोलली जाते तिचा त्यावर अंगठा घेतात आणि तिला कळलं नाही म्हणून तिलाच नावं ठेवतात. दोष समजावणाऱ्याचा आहे.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो, म्हणून त्याचं उत्तर जपून दिलं पाहिजे. सांगितलं तर ती खचेल, असं मुलाला वाटत होतं. तो वाईट मुलगा नव्हता. आईला नागपूरला न्यायचं म्हणून त्याने हातचं काम सोडलं होतं. पण त्याच्या मौनाने तिचं भय कमी झालं नव्हतं. ती एकटी पडली होती, एवढंच. तिने आपला प्रश्न मुलाला विचारला नाही, डॉक्टरला विचारला नाही, यात्रेत भेटलेल्या परक्या मास्तरला विचारला. घरच्यांनी वाढवलेलं हे एकटेपण मी अनेक घरांत पाहिलं आहे.

कायदाही या बाबतीत मोघम नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून एका सज्ञान बाईला भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडं काढून टाकली. तातडीचा जीवघेणा प्रसंग नसताना, स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, हेही बजावलं. आईची संमती जिथे चालत नाही, तिथे मुलाची कशी चालेल? महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ पासून रुग्णहक्कांची सनदही आली आहे.

वेळ नाही, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. सरकारी कॅन्सर रुग्णालयातली रांग ज्याने पाहिली तो डॉक्टरला दोष देणार नाही. पण समजावण्याचं सगळं काम डॉक्टरनेच केलं पाहिजे असं कुठे आहे? टाटा मेमोरियलने कॅन्सरच्या रुग्णांना वाट दाखवणारी माणसं घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याला 'केवट' नाव दिलं. रामाला गंगेपार नेणारा तो नावाडी. रामनवमीला पोहरादेवीत जमणाऱ्या माणसांना हे नाव वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गोरबोली बोलणारे असे चार केवट या भागाला मिळाले, तर मोठं काम होईल.

आता उलट बाजूचं खंडन. काही डॉक्टर सगळे पर्याय घडाघडा वाचून दाखवतात आणि "तुम्हीच ठरवा" म्हणून मोकळे होतात. याला मी सहनिर्णय, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घेतलेला निर्णय, म्हणत नाही; ही अंग काढून घेण्याची रीत आहे. तोंडाच्या कॅन्सरचंच उदाहरण घ्या. खर्र्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, विदर्भातली किती तोंडं नासवली हे सांगायला नको. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असेल, तर त्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढाव्यात का, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली त्याचं उत्तर दिलं. आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठी उद्भवल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. इथे दोन रस्ते सारखे नाहीत. इथे डॉक्टरने रोखठोक सांगितलं पाहिजे, "मानेचं ऑपरेशन करून घ्या, माझा आग्रह आहे." रुग्णाने तरीही नाही म्हटलं, तर का नाही म्हणतो ते ऐकलं पाहिजे. आपलं मत गिळून बसणारा डॉक्टर रुग्णाचा मान राखत नाही.

मग सहनिर्णय म्हणजे काय? पोहरादेवीच्या माणसाला तो परका वाटू नये. आधी जाणून घ्या, मग पारखून घ्या, त्यानंतरच माना, ही सेवाभायांची, म्हणजे सेवालाल महाराजांची, शिकवण तांड्यातल्या पोरासोरांनाही माहीत असते. डॉक्टरने जाणून द्यावं, दोघांनी मिळून पारखावं, मग रुग्णाने मानावं. तांड्याच्या नायक आणि कारभाऱ्यांसमोर बसून सगळ्यांचं ऐकत निवाडा करायची रीतही आपलीच. मात्र त्या बैठकीत बाई बहुधा कडेला असायची, हे कबूल केलं पाहिजे. ती खोड दवाखान्यात नेऊ नका. एखादी याडी सगळं ऐकून घेऊन म्हणेल, "मला नाही झेपत, माझा पोरगा ठरवील." तोही तिचाच निर्णय, आणि तो पाळावा. पण आधी तिला विचारलेलं असावं.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. समाजाचा वारसा जपला जातोय याचा मला आनंद आहे. कांचळी घालणाऱ्या जिवंत बाईचीही तेवढीच कदर व्हावी. पुढच्या रामनवमीला इथे आरोग्य शिबिर भरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डॉक्टरच्या टेबलासमोर एक खुर्ची जास्त ठेवा. फाईल घेऊन मुलगा आत आला, तर त्याला सांगा, की याडीलाही आत घेऊन ये आणि पुढच्या खुर्चीवर तिला बसव.