उबदार आवाजाच्या नावानं चांगभलं

‘ट्यूबचा आवाज उबदार असतो’ हे वाक्य मी यापुढे निमूट ऐकून घेणार नाही. वर्षभरात ते मला दुकानदारानं ऐकवलं, ऑफिसातल्या दोघांनी ऐकवलं आणि आयुष्यात ट्यूब न पाहिलेल्या एका मित्रानंही. रील्स तुम्ही पाहिल्याच असतील. अंधारी खोली, काचेच्या नळ्यांतला नारिंगी उजेड, किंमत लाखात.

तो उजेड हीटरचा आहे, आवाजाशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि ऊब म्हणजे बहुतेकदा डिस्टॉर्शन. मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा सूर ॲम्प्लिफायर पदरचा घालतो. दुप्पट म्हणजे वरचा सा, म्हणून कानाला खटकत नाही. आवडतो तर खुशाल ऐका, मलाही आवडतो. पण त्याला ‘खरा आवाज’ म्हणू नका. ट्यूबवर ज्यांचं पोट होतं ते इंजिनीयर हेच डिस्टॉर्शन घालवायला धडपडत होते. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसननं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात घरी बांधता येईल असं ट्यूब ॲम्प्लिफायरचं डिझाइन दिलं. १५ वॉटला डिस्टॉर्शन जेमतेम ०.१ टक्का. त्यात निगेटिव्ह फीडबॅकचा मोठा वाटा होता: आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे चूक बरीचशी स्वतःलाच खोडते. आज तोच फीडबॅक ‘काढून टाक, आवाजाचा आत्मा मरतो’ असं सांगतात.

मी ईएल८४ ट्यूबचा, जेमतेम दोन वॉटचा ॲम्प्लिफायर बांधला आणि फीडबॅकला एक स्विच ठेवला. (पहिल्यांदा फीडबॅक जोडल्यावर तो भोंग्यासारखा ओरडला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या.) मग ‘उबदार’वाल्या मित्राला पाठमोरा बसवलं. दोन्हीकडे आवाजाची पातळी मल्टिमीटरनं सारखी केली, कारण नाहीतर जे मोठं वाजतं तेच बरं वाटतं. त्यानं उबदार म्हणून फीडबॅकवालाच निवडला. एका कानावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. पण तो अजून बोलत नाहीये.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर आहे. तेलाचे कपॅसिटर घ्यायचे की चांदीची तार, यावर लोक तासन् तास भांडतात. आणि मी आणलेल्या किटच्या सर्किटमध्ये ब्लीडर रेझिस्टरच नव्हता! पॉवर सप्लाय तपासताना ट्यूब सॉकेटात नव्हती, त्यामुळे १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधले ३५० व्होल्ट जायला वाटच नव्हती. प्लग काढून मी चहा करून आलो, हात घातला आणि कोपर टेबलावर आपटलं. सहा ज्यूल. कोड चुकला तर अनडू असतो, इथे नसतो.

त्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, दोन वॉटचा रेझिस्टर लावा. चहाच्या कपाहून स्वस्त पडतो. मग प्लग काढल्यावर दोन मिनिटांत व्होल्टेज दोनच्या खाली येतं. रेझिस्टरचा एखादा सोल्डर सुटलेला असू शकतो, म्हणून मी तरीही आधी मीटर लावतो आणि डावा हात खिशात ठेवतो.