पावडर लावलेले सुरेश भट

गेले सहा वीकेंड मी एकाच माणसाच्या नाकाशी झगडतोय. माणूस म्हणजे कवी सुरेश भट. आमच्या अमरावतीचे! (मी मूळचा अकोल्याचा, पण इंजिनिअरिंगची चार वर्षं अमरावतीत काढल्यावर 'आमच्या' म्हणायचा हक्क मिळतोच.)

भट १४ मार्च २००३ला गेले, तेव्हा मी बालवाडीत. त्यामुळे मी त्यांना फक्त कॅसेटवर ऐकलंय. बाबांनी मात्र मैफलीत, समोर बसून. म्हणून ठरवलं, भटांचं तैलचित्र करून बाबांना द्यायचं.

तैलरंगांचं आणि नोकरदार माणसाचं छान जमतं. शनिवारी थर द्यायचा, आठवडाभर ऑफिस, पुढच्या शनिवारी तो बहुधा हात लावण्याइतका वाळलेला असतो. पहिल्या थरात टर्पेंटाईन जास्त, वर जाऊ तसं जवसाचं तेल वाढवायचं, नाहीतर पुढे तडे जातात. नेटवरचे चार-पाच फोटो एकत्र करून मी चित्र पूर्ण केलं आणि अकोल्याला घेऊन गेलो.

बाबांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काऊन रे, पावडर लावून देली का त्यायले?"

राग आला. पण रात्री पुन्हा पाहिलं तर पटलं. सुरकुत्या मी पुसल्या होत्या, सावल्या घाबरत घाबरत दिल्या होत्या. चित्र नव्हतं ते, हार घालायचा फोटो होता.

माझं मत असं, की आदर हा पोर्ट्रेटचा मोठा शत्रू आहे. कुठल्याही कॉलेजच्या हॉलमधली तैलचित्रं आठवा. सगळे थोर पुरुष सारखेच गुळगुळीत! एकदा 'महान' म्हटलं की आपण बघायचं थांबतो. लहानपणी पोलिओनं उजवा पाय अधू झालेला हा माणूस. त्याच्या संग्रहांची नावं बघा, 'रंग माझा वेगळा' (१९७४), 'एल्गार' (१९८३). ढोंगावर तुटून पडणाऱ्या या कवीलाच मी मुखवटा चढवला होता.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "एआयला सांग ना, दोन मिनिटांत देईल." देईल की. पण त्या दोन मिनिटांत मी भटांकडे किती वेळ बघेन?

आता नव्यानं सुरुवात केलीय. एकच फोटो, बाजूनं उजेड पडलेला. आधी नुसत्या बर्न्ट अंबरमध्ये उजेड-सावली, रंग नंतर. वयानं चेहऱ्यावर जे जे केलंय ते सगळं ठेवायचं. मागच्या रविवारी बाबांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "आता थकलेले दिसतात. शेवटी शेवटी असेच दिसत."

नाक अजून चुकलेलंच आहे. असो. शनिवारी बघू.