दप्तर वाचणारी माणसे

तहसील कचेरीच्या आवारात लिंबाच्या सावलीला पेटी मांडून बसणारा अर्जनवीस हा मराठवाड्यातील शेतकऱ्याचा सरकारदरबारचा पहिला आधार होता. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, दाखल्यांचे अर्ज सेवा केंद्रांतून जाऊ लागले, आणि त्याच्या पेटीभोवतीची गर्दी ओसरत गेली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे निःसंशय हिताचेच झाले.

परंतु यंत्र आले की जुनी विद्या निरुपयोगी ठरते, हा जो समज आपल्या मनात दृढमूल झाला आहे, त्याला छत्रपती संभाजीनगर विभागातच 2023 साली मोठा छेद गेला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वर्षानुवर्षे बासनात बांधून ठेवलेली महसुली दप्तरे बाहेर निघाली, आणि त्यांतील मजकूर कोठे उर्दूत तर कोठे मोडी लिपीत असल्याचे पाहून, संगणकावर सराईतपणे बोटे चालविणारे आपले सुशिक्षित कारकूनही हतबुद्ध झाले. त्या वेळी निकड भासली ती मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची. ज्या विद्येला कालपर्यंत छांदिष्टांचा विरंगुळा मानले जात होते, तिच्यावर असंख्य कुटुंबांचे दाखले अवलंबून राहिले.

मोडीला 2014 साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणून ती यंत्राला वाचता येऊ लागली असे नव्हे. लेखणी न उचलता, ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळता, प्रत्येक लेखकाच्या हाताच्या वळणाने लिहिलेले ते अक्षर उलगडण्यास गावांची नावे, आडनावे आणि त्या काळची महसुली परिभाषा ठाऊक असलेला माणूसच लागतो. छायाचित्रण यंत्र एका दिवसात सहस्र पृष्ठे टिपील. परंतु कोणत्या पृष्ठावर कोणाचे नाव आहे याची सूची नसेल, तर दप्तर फडताळातून निघून संगणकात गेले इतकेच, शेतकऱ्याच्या हाती काहीच पडले नाही.

यंत्राला जुन्या जाणकारीची जोड लागते, हे छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतही खरे आहे: संगणकावर चालणाऱ्या लेथवर तोच कामगार पटकन तरबेज होतो, ज्याच्या हाताला धातूची जाण आधीपासून असते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की मोडीच्या आणि उर्दूच्या जाणकारांना प्रसंग पडला की बोलवावे आणि काम सरले की विसरावे, ही रीत शासनाने सोडावी. जिल्हाधिकारी कचेरीत त्यांची कायम पदे असावीत. विद्यापीठाने लिपिवाचन आणि संगणकीय सूचीकरण यांचा जोड अभ्यासक्रम काढावा. आणि अर्जाची भाषा, फेरफाराची रीत व पक्षकाराचे दुःख हे तिन्ही जाणणाऱ्या त्या लिंबाखालच्या अर्जनवीसाला, त्याची इच्छा असेल तर, त्यात पहिला प्रवेश द्यावा.