आराखड्यात आधी मुक्काम लिहा

फेब्रुवारी लागला की सायकल क्लबांच्या गटांवर हिमालयातल्या मोहिमांचे तक्ते फिरू लागतात. सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझापर्यंत जायचे आणि कुंझुम खिंड ओलांडून मनालीत उतरायचे, हा त्यांतला लाडका मार्ग. अंतर सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. मोहीमप्रमुख त्याला रोजच्या साठ-सत्तर किलोमीटरने भागतो, दहा दिवस येतात, रजेत बसतात आणि तक्ता तयार होतो. त्यात दिवस, अंतर, चढाई असे रकाने असतात. आमचा आग्रह आणखी एका रकान्यासाठी आहे, आणि तो सगळ्यांत आधी भरायला हवा: रात्री ज्या गावात झोपणार, त्या गावाची उंची.

सिंहगड, ताम्हिणी, वरंध इथे आपण वर्षभर पाय घडवतो. विरळ हवेची सवय मात्र तिथे लागत नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. किन्नौरमधले कल्पा त्याहून तेराशे मीटरने उंच आणि नाको जवळजवळ दोन हजार मीटरने. उंचीचा त्रास तंदुरुस्ती पाहून येत नाही. उलट ज्याचे पाय दमदार, तो भराभर वर पोचतो आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. गिर्यारोहकांचा जुना नियम आहे: ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच ठिकाणी जास्त काढावी.

हा नियम हाती धरला की मार्गाची दिशा आपोआप ठरते. मनालीहून निघाल्यास दोन-तीन दिवसांतच बातलला, जवळपास ४,००० मीटरवर झोपायची वेळ येते. सिमल्याहून निघाले तर नारकंडा, मग उतरून सतलजकाठचे रामपूर आणि तिथून नदीच्या उगमाकडे हळूहळू चढत जाणारा रस्ता, असा क्रम लागतो. कल्पाला दोन रात्री काढाव्यात, मधल्या दिवशी गावाच्या वर पायी चढून यावे आणि झोपायला खाली परतावे.

खरी परीक्षा नाकोची. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून वळणावळणांनी हजार मीटरहून जास्त चढल्यावर नाको येते. पाचशे मीटरचा नियम इथे मोडतोच, म्हणून नाकोतली दुसरी रात्र आराखड्यातून कधीही कापू नये.

आम्ही एकदा ती कापली होती. सकाळी निघायच्या तयारीत असताना गटातला सर्वांत वेगवान गडी मागचे चाक बसवत होता. साखळी दातऱ्यावर चढवायची आणि चाक खाचेत सरकवायचे, हे काम त्याने शेकडो वेळा केले असेल. त्या दिवशी पाच मिनिटे झाली तरी त्याला ते जमेना. विचारले तर म्हणाला, "काही नाही रे, रात्री झोप लागली नाही." डोके रात्रभर ठणकत होते, हे त्याने नंतर सांगितले. त्याची सायकल गाडीवर टाकून त्याला खाली ताबोला नेले, तेव्हा संध्याकाळपर्यंत तो माणसात आला. तेव्हापासून गटातल्या प्रत्येकाला आम्ही रोज सकाळी चार गोष्टी विचारतो: डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का, तोल जातो का. उत्तर देताना कुणालाही कमीपणा वाटणार नाही असे वातावरण ठेवणे, हे प्रमुखाचे पहिले काम आहे.

महिन्याचा विचारही इथूनच करावा. मेच्या सुटीत कुंझुम उघडलेली असेलच असे नाही, त्यामुळे तेव्हा काझाहून आल्या वाटेने परतण्याची तयारी हवी. जुलै-ऑगस्टमध्ये स्पिती पर्जन्यछायेत असली तरी तिथे नेणाऱ्या सतलजच्या घळीत दरडी कोसळतात. सप्टेंबर सगळ्यांत बरा. दिवसाचे म्हणाल तर दुपारनंतर दरीत वारा उठतो आणि बातल-छतरूच्या बाजूला बर्फाच्या पाण्याचे नाले फुगतात. नाला सकाळीच ओलांडावा, दुपारी दोनपर्यंत मुक्काम गाठावा.

असा आराखडा पंधरा-सोळा दिवसांचा होतो. "एवढी रजा कुठून आणायची?" हा प्रश्न रास्त आहे. रजा कमी असेल तर मार्ग छोटा करा, मुक्काम नको. सिमला ते काझा हे सव्वाचारशे किलोमीटर निवांत करून बसने परतणे, ही पूर्ण मोहीमच आहे.

थांबलेला दिवस वाया जातो, ही भीती मनातून काढायला हवी. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला. बाहेरून मातीच्या बुटक्या भिंतीच दिसतात. आत गेल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही, मग अंधारातून भिंतीवरच्या मूर्ती एकेक करून वर येतात, त्यांच्याखालची चित्रे दिसू लागतात. आत छायाचित्रे काढता येत नाहीत, त्यामुळे नुसते उभे राहून पाहावे लागते. सायकल बाहेर टेकवून पाच मिनिटांसाठी आत डोकावणाऱ्याला यातले फारसे काही मिळत नाही. अशा दऱ्यांतून गाडीने न जाता आपण सायकलने जातो, ते एवढ्याचसाठी ना?

या अंकापासून आम्ही छापत असलेल्या प्रत्येक मोहिमेच्या तक्त्यात अंतराच्या आधी मुक्कामाच्या उंचीचा रकाना असेल, आणि विश्रांतीचे दिवसही अनुक्रमांकासह छापले जातील. मोहीमप्रमुखांना विनंती, की सहभागींकडून पैसे घेण्याआधी असाच तक्ता त्यांच्या हाती द्यावा. आणि सहभागींनी तो मागून घ्यावा.