ड्युटी संपल्यावरचे शांतिसैनिक

ऑक्टोबर 2023. पूर्व काँगोतल्या बेनी शहरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने आपल्याच, दक्षिण आफ्रिकेच्या आठ सैनिकांना ताब्यात घेतले. बातम्यांनुसार रात्रीची मनाईची वेळ उलटून गेल्यावर ते एका बारमध्ये बसले होते. तिथे देहविक्रय चालतो म्हणून शांतिसैनिकांना त्या बारची पायरी चढायलाच बंदी होती. म्हणजे नियम होता, वेळ ठरलेली होती, वर्ज्य ठिकाणेही ठरलेली होती.

कंबोडियात 1992-93 साली एवढेही नव्हते. सुमारे 22 हजार माणसे घेऊन आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे प्रमुख यासुशी अकाशी यांच्याकडे सैनिकांच्या वर्तनाची तक्रार गेली, तेव्हा ‘पोरे ती पोरेच’ अशा अर्थाचे उत्तर मिळाले. पुढे एक सूचना मात्र निघाली: संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या कुंटणखान्यांसमोर उभ्या करू नका. गाड्यांची अब्रू वाचली म्हणायचे!

2003 मध्ये सरचिटणीसांनी कडक नियम काढले. अठरा वर्षांखालील कुणाशीही शरीरसंबंध नाहीत. पैसा, नोकरी, अन्न यांच्या बदल्यातही नाहीत. ड्युटी संपली म्हणून यातून सुटका नाही, आणि ते योग्यच आहे. उपाशी गावात बिस्किटाचा पुडा बाळगणारा माणूस गणवेश उतरवला तरी बलवानच राहतो.

हैतीत याचा प्रत्यय आला. नोव्हेंबर 2007 मध्ये श्रीलंकेच्या सुमारे 950 जणांच्या तुकडीतील 108 जणांना लैंगिक शोषणाच्या आरोपांवरून मायदेशी धाडण्यात आले. काही डॉलर, खाऊ एवढ्यावर मुलांना जाळ्यात ओढले जात होते. असोसिएटेड प्रेसने 2017 मध्ये हे प्रकरण पुन्हा खणले, तेव्हा शोषण करणाऱ्यांचा आकडा 134 वर गेला होता. तुरुंगात मात्र एकही जण गेला नव्हता.

याचे मूळ करारात आहे. सैनिक पाठवणारा देश एक अट घालूनच ते पाठवतो: त्यांच्या गुन्ह्याचा खटला आम्हीच चालवू. संयुक्त राष्ट्रे फार तर माणसाला परत पाठवतात. सुरक्षा परिषदेच्या 2016 च्या ठराव 2272 नंतर अख्खी तुकडीही परत पाठवता येते. पण आरोपी विमानात बसला की साक्षीदार एका खंडात, न्यायाधीश दुसऱ्या खंडात. फाइल तिथेच झोपते.

यावरचा उपाय जॉर्डनचे प्रिन्स झैद यांनी 2005 च्या अहवालातच सांगितला होता. गुन्हा घडला त्याच देशात लष्करी न्यायालय भरवा. पाकिस्तानने 2012 मध्ये हैतीतल्या गोनाइव्ह शहरात ते करून दाखवले. एका मुलावरील अत्याचाराबद्दल आपल्या दोन पोलिसांना दोषी ठरवून एक वर्षाची शिक्षा दिली. पण हैती सरकारला त्याची पूर्वसूचनाच नव्हती, आणि अशा गुन्ह्याला एकच वर्ष? तिथल्या लोकांचा संताप रास्त होता. खटला जागेवर चालवायचा तर दारे उघडी ठेवून चालवायला हवा.

भारताने हे दुरून पाहण्याचे कारण नाही. आपण आजवर दोन लाखांहून अधिक शांतिसैनिक पाठवले; लायबेरियात 2007 मध्ये गेलेली महिला पोलिसांची तुकडी हा अभिमानाचा भाग. मात्र 2008 मध्ये काँगोच्या उत्तर किवू प्रांतातल्या भारतीय सैनिकांवरही लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत त्यांत प्रथमदर्शनी तथ्य आढळले. पुढची लष्करी चौकशी झाली ती भारतात, काँगोतल्या बायकांपासून हजारो किलोमीटर दूर. अशा पीडितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या निधीला पहिले एक लाख डॉलर भारताने दिले, हे चांगलेच झाले. पण लष्कर कायदा, 1950 चे कलम 124 सांगते की खटला कुठल्याही ठिकाणी चालवता येतो. एरवी बलात्काराचा खटला नागरी न्यायालयात जातो. देशाबाहेरच्या अशा गुन्ह्यासाठी मात्र कलम 70 लष्करी न्यायालयाला मुभा देते. तेव्हा पुढच्या आरोपाच्या वेळी उत्तर किवूतल्या गोमा शहरातच कोर्ट मार्शल भरवायला दिल्लीला नवा कायदा करावा लागणार नाही.